जबडा बाईचा का बाप्याचा?

गेल्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की नुसता खालचा जबडा हातात आला तरी तो बाईचा का बाप्याचा ह्याचा अंदाज बांधता येतो. त्या एका वाक्याने महिनाभर माझ्या फोनची बॅटरी खाल्ली. म्हणून ह्या वेळी केसगळती, ॲसिडिटी, गुडघेदुखी सगळं बाजूला, फक्त जबड्याचे प्रश्न घेतलेत. संपादकांनी मथळ्यात 'लिंगनिदान' हा शब्द घालायला सपशेल नकार दिला, कारण आपल्याकडे तो शब्द वाचला की सोनोग्राफी सेंटरच्या दारावरचा बोर्डच डोळ्यांसमोर येतो, आणि ते बरोबरच आहे म्हणा. इथे जे काही चाललंय ते मेलेल्या माणसांचं चाललंय.

प्रश्न: करमाळ्याकडे आमची शेती आहे. उन्हाळ्यात शेततळं खणताना जेसीबीच्या बकेटमध्ये मातीबरोबर माणसाचा खालचा जबडा वर आला, त्यात सहा-सात दात होते. पोलीस पाटलांना बोलावलं, पंचनामा झाला, जबडा पुढे तपासायला गेला. पण रिपोर्ट यायच्या आतच गावाने ठरवून टाकलं की जबडा लहान आहे म्हणजे बाईचाच, आणि कुठली बाई तेही पारावर बसून ठरलं. ताई, एवढ्या एका हाडावरनं खरंच कळतं का?

उत्तर: दादा, पोलीस पाटलांना बोलावलंत हे उत्तम केलंत, कारण बरेच लोक असं काही निघालं की गुपचूप नदीत सोडतात नाहीतर नारळ फोडून परत पुरतात आणि मग कुणाला काही कळायचा मार्गच उरत नाही. अशी हाडं अकस्मात मृत्यूच्या चौकशीत जातात, पूर्वी सीआरपीसीचं १७४ कलम होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. मी मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवायचे तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला असं पार्सल यायचं, एक हवालदार कापडात शिवलेला, लाखेचं सील मारलेला डबा घेऊन यायचा आणि सोबत पत्र, त्यात ठरलेले प्रश्न: हाड आहे का, माणसाचं आहे का, एकाच माणसाचं का जास्त जणांचं, स्त्री का पुरुष, वय काय, उंची काय, मरून किती काळ झाला, कशाने मेला. नुसत्या जबड्यावरून ह्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणजे पंचांगच काढून बसावं लागलं असतं. पण स्त्री का पुरुष ह्याला काहीतरी उत्तर देता येतं, आणि त्या 'काहीतरी'तच सगळी गोम आहे.

गावाचं लॉजिक अगदीच टाकाऊ नाही बरं का. पुरुषाचा जबडा सरासरीने मोठा, जाड, हातात घेतला तर जड लागतो. पण लहान कशाच्या तुलनेत? आपल्याकडे पाच फूट दोन इंचाचे, बारीक चणीचे पुरुष ढिगाने आहेत आणि हाडापेराने मजबूत बायकाही आहेत, आणि पारावर बसलेल्यांनी आयुष्यात किती सुटे जबडे बघितले असतील? म्हणून आम्ही आधी आकारमान बाजूला ठेवतो आणि ठेवण बघतो.

कसं ते सांगते. जबडा टेबलावर, हनुवटी आपल्याकडे. दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत तो पुढून धरायचा, अंगठे हनुवटीच्या दोन बाजूंना ठेवायचे आणि हळूहळू मध्याकडे सरकवत आणायचे, उंचवट्याची कड लागली की थांबायचं. पुरुषाच्या जबड्यावर बऱ्याचदा अंगठे लवकर अडतात, उंचवटा रुंद असतो, दोन्हीकडे दोन टेंगळं लागतात आणि हनुवटी चौकोनी दिसते. बाईच्या जबड्यावर अंगठे एकमेकांजवळ येईपर्यंत काही लागतच नाही आणि मध्ये एक लहानसं टोक. ह्याला १ ते ५ असे मार्क द्यायची पद्धत आहे, १ म्हणजे जवळपास नाहीच, ५ म्हणजे ठसठशीत, आणि ३ म्हणजे देव जाणे. १९९४ साली अमेरिकेत सांगाडे तपासायचे जे नियम छापले गेले त्यात ही रीत आहे आणि आजही तीच चालते.

मग कानाखालचा कोपरा. आत्ता वाचता वाचता दात घट्ट आवळा आणि तिथे बोट ठेवा, टणक गोळा फुगतो ना, तो मॅसेटर, चावायचा मुख्य स्नायू, तो ह्याच कोपऱ्यावर चिकटलेला असतो. पुरुषात तो दांडगा असल्यामुळे हाडाचा कोपरा बाहेरच्या बाजूला वळतो, त्यावर खडबडीत रेघा उठतात, आणि कोनही काटकोनाच्या जवळ जातो. बाईचा कोपरा गुळगुळीत, कोन जरा पसरट. आपल्याकडच्या फोरेन्सिकच्या पुस्तकांत १२५ अंशाच्या आत पुरुष आणि वर बाई असं लिहिलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात, पण मी स्वतः वर्षानुवर्षं कोन मोजलेत आणि नुसत्या १२५ वर कोर्टात उभं राहायची माझी तरी हिंमत झाली नसती. कोपऱ्यापासून वर जाणारी जी रुंद पट्टी आहे, रेमस म्हणतात तिला, तिची उंची-रुंदी आणि कानापुढच्या सांध्याच्या गोट्यांचा आकार हेही बघायचं.

एक भानगड म्हणजे दात. तुमच्या जबड्यात सहा-सात दात होते ते बरं झालं. म्हातारपणी सगळे दात पडून तोंडाचं बोळकं झालं की दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं, जबड्याची उंची निम्म्यावर येते, हनुवटीच्या बाजूला नस बाहेर यायचं जे भोक असतं ते पार वरच्या कडेला पोचतं, आणि हनुवटी उगाच पुढे आल्यासारखी दिसते. अशा वेळी पैलवानाचा जबडासुद्धा नाजूक दिसायला लागतो. तेव्हा 'लहान आहे' म्हणजे बाई, का म्हातारा, का पंधरा वर्षांचा पोरगा, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि दाढा फुटल्यात का, किती झिजल्यात ह्यावरून तो बराचसा सुटतो.

आता मुख्य मुद्दा. सांगाड्यात बाई-पुरुष ओळखायला सगळ्यात भरवशाचं हाड जबडा नाही, कंबरेचं हाड. तिथून मूल बाहेर पडायचं असतं, त्यामुळे बाईच्या कंबरेची घडणच वेगळी असते, तिथला फरक कामाचा आहे. जबड्याने बाई आणि पुरुष दोघंही भाकरीच चावतात, तिथला फरक मापाचा, वयात आल्यावर पुरुषी हार्मोन्समुळे हाड जास्त काळ आणि जास्त वाढतं म्हणून पडणारा. क्रॉगमन नावाच्या अमेरिकन ॲनाटॉमीवाल्याने १९६२ मध्ये किती वेळा बरोबर ओळखता येतं ह्याचे आकडे दिले होते, अख्खा सांगाडा असेल तर १०० टक्के, नुसतं कंबरेचं हाड ९५, नुसती कवटी ९२, हातापायांची लांब हाडं ८०. हे आकडे आपल्याकडच्या प्रत्येक पुस्तकात छापलेत, फक्त एक गोष्ट सांगायची राहते की त्याच्यासमोरच्या सांगाड्यांत पुरुषांचे सांगाडे बायकांपेक्षा कितीतरी जास्त होते, तेव्हा डोळे मिटून 'पुरुष' म्हटलं असतं तरी चांगले मार्क पडले असते, आणि हे त्याला स्वतःलाही माहीत होतं.

मग जबडा बघायचाच कशाला? कारण तोच उरतो. चेहऱ्याची बाकी हाडं पापडासारखी पातळ, मातीच्या वजनाने चुरा होतात, कंबरेच्या हाडाच्या कडा कुत्री नाहीतर मुळं खातात, आणि खालचा जबडा घट्ट, जाड हाडाचा असल्यामुळे टिकतो. आम्ही ठरवून जबडा निवडत नाही, जे हातात येईल त्यावर काम करावं लागतं.

तुमच्या जबड्याचा रिपोर्ट येईल तेव्हा त्यात बहुतेक 'स्त्रीचा असण्याची शक्यता जास्त' किंवा 'पुरुषाचा असण्याची शक्यता जास्त' असंच वाक्य असेल, आणि असं वाक्य आलं तर लिहिणाऱ्याला काम येत नाही असं समजू नका, उलट काम येतं म्हणून तसं लिहिलंय. तपासणाऱ्यांचाही कल एकीकडे झुकतो हे सिद्ध झालंय. केनेथ वाइस ह्यांनी १९७२ मध्ये उत्खननांतल्या सांगाड्यांचे जुने रिपोर्ट तपासले तर पुरुषांची संख्या सगळीकडे साधारण १२ टक्क्यांनी फुगलेली निघाली, म्हणजे जे मधलेअधले, ३ मार्कवाले होते ते लोकांनी पुरुषांत ढकलले होते. तुमच्या पारावर ते बाईकडे ढकलले जातात, का ते तुम्हीच सांगा. आणि त्या जबड्यातल्या दातांतून डीएनए निघाला आणि मिसिंग तक्रारीतल्या कुणाच्या नातेवाइकाशी जुळला तर 'कुठली बाई' ह्याचं उत्तर मिळेल, तोवर त्या घरच्यांकडे बोट दाखवणं थांबवा.

प्रश्न: मी बीडीएस इंटर्न. ओपीजी एक्सरेवर (अख्खा जबडा एकाच फोटोत येतो तो) रेमसची मापं घेऊन स्त्री-पुरुष ओळखायचा छोटा प्रोजेक्ट केला. आमचं ७६ टक्के बरोबर आलं. गाईड म्हणतात आधीच्या पेपर्समध्ये ९० च्या वर आहे, तुमचं काहीतरी चुकलंय, परत मोजा. मॅम, काय चुकलं असेल?

उत्तर: काहीही चुकलं नसेल बाळा. ७६ हा चांगला, प्रामाणिक आकडा आहे. मला उलट ९७ आला असता तर शंका आली असती.

तुला एक गोष्ट सांगते. १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या लॉथ आणि हेनेबर्ग ह्या दोघांनी पेपर लिहिला की रेमसच्या मागच्या कडेला, दाढांच्या चावायच्या पातळीवर, पुरुषांत एक वाक असतो आणि बायकांत ती कड सरळ जाते किंवा वाक दुसरीकडेच असतो, आणि नुसतं एवढं बघून ९४ टक्के बरोबर येतं. काय खूश झालो होतो आम्ही! माप नको, कॅलिपर नको, नुसतं बघायचं. आमच्या म्युझियममधले जबडे ओळीने मांडून आम्ही तिघीजणी बसलो, आणि पहिल्या दहातच भांडायला लागलो, एकीला वाक दिसायचा तो दुसरीला दिसायचाच नाही. मला वाटलं आमचीच नजर कच्ची. मग बाहेरचे पेपर यायला लागले, जबडा कुणाचा हे आधी न सांगता तपासायला दिल्यावर कुणाला ऐंशीच्या आत आलं, कुणाला साठच्या आसपास. साठ म्हणजे काय, नाणं उडवलं तरी पन्नास येतंच की.

सुळ्यांचंही तसंच. १९८९ मध्ये दक्षिण भारतातल्या लोकांवर एक निर्देशांक निघाला, खालच्या सुळ्याची रुंदी भागिले दोन सुळ्यांमधलं अंतर, पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास यश सांगितलं होतं. वीस वर्षांनी भारतातच परत तपासला तर तो भागाकारच निरुपयोगी निघाला, कारण ज्याचा सुळा मोठा त्याचं अंतरही मोठं, भागलं की फरक खाऊन जातो. त्यापेक्षा नुसती सुळ्याची रुंदी बरी.

मापांचे जे पद्धतशीर अभ्यास झालेत त्यांचे आकडे बघ. जाइल्स ह्यांनी १९६४ मध्ये अमेरिकन जबड्यांवर सूत्रं बसवली, ८५ टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे उत्तर भारतातल्या जबड्यांच्या रेमसवर काम झालंय, ८० च्या आसपास, आणि तेही कोरड्या हाडावर. तुझं तर एक्सरेवर, आणि ओपीजीत प्रतिमा मोठी होते, पेशंटची मान जरा वाकडी असली की आडवी मापं ताणली जातात, एका मशीनचं दुसऱ्याशी जुळत नाही. त्यामुळे कोरड्या हाडाचं सूत्र एक्सरेला लावायचं नाही आणि अमेरिकेतलं सूत्र लातूरला लावायचं नाही. जबडे माणसामाणसांत किती वेगळे असतात ह्याचा एक मजेशीर नमुना म्हणजे पॉलिनेशियन लोकांचा जबडा, त्याची खालची कड इतकी गोलाकार असते की टेबलावर ठेवून टिचकी मारली तर पाळण्यासारखा झुलतो. त्यावर तू आपलं सूत्र लावून बघ.

आता करायचं काय. ज्या एक्सरेंवर सूत्र तयार केलं त्यांच्यावरच तपासलं असशील तर थोडे नवीन एक्सरे घे आणि त्यांच्यावर तपास, आकडा अजून जरा उतरेल, उतरू दे. पंधरा दिवसांनी तीच मापं परत घे, आणि एखाद्या मैत्रिणीकडूनही घे, दोघींच्या मापांत किती फरक पडतो ते लिही. मुलगे किती बरोबर आले आणि मुली किती हे वेगवेगळं लिही, एकच टक्केवारी लिहू नकोस, त्यात बरंच काही लपतं. आणि ७६ च लिही.

गाईडना काय सांगायचं? इरावती कर्वे माहीत आहेत ना तुला, त्या १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला कवट्या मोजायला गेल्या होत्या, त्यांच्या गाईडला, ऑयगेन फिशरला, गोऱ्यांच्या कवट्यांची ठेवण वंशाने श्रेष्ठ असल्याचा पुरावा हवा होता. बाईंनी कॅलिपर घेऊन मोजलं आणि तसा काही संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहून दिलं. तुझे गाईड फिशर नक्कीच नसतील, सांगून बघ.

प्रश्न: पुण्यात डेक्कन कॉलेजच्या म्युझियममध्ये शाळेची मुलं घेऊन गेले होते. इनामगावच्या रांजणातल्या लहान मुलांच्या सांगाड्यांबद्दल ऐकून एका मुलीने विचारलं, 'टीचर, ती मुलगी होती का मुलगा?' मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर: मलाही देता आलं नसतं. इनामगाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं घोड नदीकाठचं गाव, डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ खोदकाम केलं, तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकरी वस्ती निघाली आणि दोनशेच्या वर दफनं, त्यातली बहुतेक लहान मुलांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ, आणि हे सगळं घराच्या जमिनीखालीच, म्हणजे आई त्याच्यावरच चूल पेटवत असणार. मोठ्या माणसांना सरळ पुरत, पण घोट्याखालचे पाय तोडून. त्या सांगाड्यांवर डेक्कनच्याच सुभाष वाळिंबे सरांनी जॉन ल्युकॅक्स ह्यांच्याबरोबर बरंच काम केलं, वय, दात, आजारपण, उपासमार, पण लहान मुलांचं मुलगा-मुलगी हाडांवरून सांगता येत नाही.

कारण साधं आहे. जन्माच्या वेळी खालचा जबडा दोन तुकड्यांत असतो, मध्ये हनुवटीशी जोड असतो आणि तो पहिल्या वर्षभरात सांधला जातो. त्यानंतर वयात येईपर्यंत पोरापोरींचे जबडे जवळपास सारखेच वाढतात, मी वर जे चौकोन-कोपरे-खडबडीतपणा सांगितलं ते सगळं नंतर येतं. प्रयत्न झालेत. लंडनला स्पिटलफील्ड्सच्या चर्चखाली शवपेट्या निघाल्या, त्यांच्यावर नाव-वयाच्या पाट्या होत्या, म्हणजे उत्तरपत्रिका हातात. त्यातल्या मुलांचे जबडे बघून १९९३ मध्ये शुटकोव्स्की ह्यांनी लिहिलं की मुलग्यांची हनुवटी जास्त ठळक असते, पुढच्या दातांची कमान रुंद असते वगैरे. पण इतरांना दुसऱ्या ठिकाणच्या मुलांवर ते तसं जमलं नाही. त्यामुळे रिपोर्टात 'अनिश्चित' लिहायचं. त्या मुलीला सांगा की प्रश्न भारी होता, आणि उत्तर हाडात नसलं तरी दातात असू शकतं, ते पुढच्या उत्तरात वाचून दाखवा.

प्रश्न: इटलीत हातात हात घेऊन पुरलेले दोन सांगाडे सापडले, सगळ्या जगाने त्यांना प्रेमी युगुल म्हटलं आणि नंतर दोघंही पुरुष निघाले असं वाचलं. तज्ज्ञांना जबडा-कवटी बघून आधीच कसं नाही कळलं? (ठाणे)

उत्तर: मोडेनाचे ते. २००९ मध्ये बांधकामाच्या वेळी निघाले, चौथ्या ते सहाव्या शतकातले. हाडांची अवस्था इतकी वाईट होती की मापं घेण्यासारखं काही उरलं नव्हतं, डीएनएही निघाला नाही. 'प्रेमी' हे नाव हात बघून पडलं, हाडं बघून नाही.

मग २०१९ मध्ये दातांनी उत्तर दिलं. दातावरचं पांढरं कवच, एनॅमल, हे शरीरातलं सगळ्यात कडक काम. ते तयार होताना ॲमेलोजेनिन नावाचं प्रोटीन लागतं, आणि गंमत अशी की ह्या प्रोटीनचा एक जीन एक्स क्रोमोसोमवर आणि एक वाय क्रोमोसोमवर असतो, दोघांचा माल थोडासा वेगळा. बाईच्या एनॅमलमध्ये फक्त एक्सवाला, पुरुषाच्या एनॅमलमध्ये दोन्ही. दात पोटात किंवा बाळपणीच बनतो त्यामुळे लहान मुलांनाही हे चालतं, आणि एनॅमल इतकं घट्ट की डीएनए सडून गेल्यावरही प्रोटीनचे तुकडे आत शिल्लक राहतात. दाताला जराशा ॲसिडने खरवडायचं, निघालेलं पाणी मशीनमध्ये घालायचं, वायवाला तुकडा सापडला की पुरुष. नाही सापडला तर बाई, पण इथे जपून, कारण नमुनाच खराब असेल तरीही वायवाला सापडणार नाहीच की. मोडेनाच्या दोघांतही सापडला. ते भाऊ होते, सैनिक होते का आणखी काही, ते दातात लिहिलेलं नसतं.

उलटही झालंय. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ वालेन्सिना इथे २००८ मध्ये जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीची एक भारी कबर निघाली, हस्तिदंत, स्फटिकाची कट्यार, असा ऐवज, म्हणून सांगाडा तरुण पुरुषाचा ठरवून टाकला आणि 'हस्तिदंताचा माणूस' म्हणून प्रसिद्ध केला. २०२३ मध्ये दात तपासले तर ती बाई. आता नाव बदललंय.

आपल्याकडे ह्या पद्धतीचा खरा उपयोग आहे, कारण आपली उष्ण हवा डीएनएची वाट लावते. हरयाणातल्या राखीगढी ह्या हडप्पाकालीन गावाच्या अभ्यासात ६१ नमुने तपासले तेव्हा कुठे एका बाईचा डीएनए कामापुरता मिळाला. आणि डीएनए मिळाला तरी एक खोच आहे: हाच ॲमेलोजेनिनचा जीन गुन्ह्यांच्या तपासातही स्त्री-पुरुष ओळखायला वापरतात, पण हैदराबादच्या सीसीएमबी ह्या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या लोकांनी २००२ मध्ये दाखवलं की २७० भारतीय पुरुषांपैकी ५ जणांच्या वाय क्रोमोसोमवरचा तो तुकडाच गायब होता, म्हणजे धडधाकट बाप्ये टेस्टमध्ये बायका निघाले असते. म्हणून वायवरची आणखी एखादी खूण बघायची.

प्रश्न: माझी हनुवटी चौकोनी आहे, कॉलेजात मुलं 'पैलवान' म्हणतात. मी मुलगी आहे. हार्मोनचा प्रॉब्लेम असेल का? आणि माझा भाऊ जबडा पुरुषी व्हावा म्हणून दिवसभर कडक च्युइंगगम चावत असतो.

उत्तर: नाही गं. वर सगळं वाचलंस ना, शंभर जबड्यांतले वीसेक 'चुकीच्या' बाजूला जातातच, ती सगळी निरोगी माणसंच असतात. बहुधा बाबांची नाहीतर आत्याची हनुवटी आली असेल, घरचे जुने फोटो काढ. मोठेपणी जबडा पुढे वाढत चाललाय, दातांत फटी पडतायत, अंगठी घट्ट होतेय, बूट लहान होतायत असं काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखव, तो ग्रोथ हार्मोनचा आजार असू शकतो, पण तो बायका-पुरुष दोघांना होतो. भावाला सांग स्नायू फुगेल, हनुवटी चौकोनी होणार नाही, आणि कानापुढचा सांधा दुखायला लागला की दंतवैद्याकडे पळावं लागेल.

प्रश्न: आजींच्या अस्थी सावडून स्मशानात गाठोडं टांगून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तर शेजारीच दुसऱ्या घरचं गाठोडं, दोन्हींच्या चिठ्ठ्या पावसाने भिजून पुसलेल्या. ते दुसरं एका तरुण मुलाचं आहे असं कळलं. दोघांनी अजून विसर्जन केलेलं नाही. आमच्या गाठोड्यात जबड्याचा तुकडा दिसतोय, त्यावरून कळेल का? (कोल्हापूर)

उत्तर: फार अवघड प्रसंग आहे, आणि दोन्ही घरं थांबलीत हे मोठं मन. खरं सांगायचं तर जबड्याच्या तुकड्यावरून स्त्री-पुरुष नाही सांगता येणार. आगीत हाड आक्रसतं, वाकतं, तडकतं, त्यामुळे पुरुषाचं हाड बाईच्या मापाचं होऊन बसतं आणि मापांवर विसंबता येत नाही. दातांचं एनॅमल तर तापलं की टरफलासारखं उडून जातं, खाली नुसती मुळं उरतात, म्हणजे ते ॲमेलोजेनिनही गेलं. पांढरंफेक जळलेल्या हाडात डीएनए मिळायची आशा जवळपास धरू नये.

पण तुम्हाला बाई का पुरुष हे शोधायचंच नाहीये, आजी का तरुण मुलगा एवढंच शोधायचंय, आणि ते सोपं आहे. जबड्याचा तुकडा सावकाश हातात घ्या, वरची कड बघा. दातांची मुळं बसायचे खड्डे स्पष्ट, खोल, ओळीने दिसतात का? आजींचे दात पडून बरीच वर्षं झाली असतील तर तिथे खड्डे नसतील, कड गुळगुळीत भरून आलेली असेल. तरुणाच्या जबड्यात खड्डे असणार, कदाचित आत मुळांचे तुकडेही अडकलेले. आजींना कवळी होती का दात होते हे घरात विचारा, होते असतील तर ह्या खुणेवर जाऊ नका. आणि आधी हे आठवा की आजींचं काही ऑपरेशन झालं होतं का, मांडीत रॉड, बदललेला गुडघा, दाताला धातूची कॅप. धातू चितेत काळा पडतो, पण राहतो, आणि गुडघ्याच्या भागांवर बऱ्याचदा नंबर कोरलेला असतो, तो हॉस्पिटलच्या कागदांवर चिकटवलेल्या स्टिकरशी जुळवता येतो. गुडघा बदललेला असेल तर दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून गाठोडी उघडा आणि आधी तो शोधा, जबडा राहू द्या.